मुका थर

माझ्या सासऱ्यांना खाणीत कुणी नावानं ओळखत नसे. सगळे त्यांना ‘कान’ म्हणायचे. ‘कान आला का?’, ‘कानानं अजून हो म्हटलं नाही,’ असं जो तो बोलायचा आणि त्यात थट्टा नसायची. आमच्या खाणीतला कोळसा बोलायचा, आणि तो काय बोलतोय हे कळणारा माणूस एकच होता.

कोळसा बोलतो म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल जावई सासऱ्याच्या नावावर थापा मारतोय. कोळशाच्या थरात गॅस कोंडलेला असतो. नुसता फटींत नाही, कोळशाच्या अंगातच मुरलेला. समोरची भिंत तासली की त्याला वाट मिळते, आणि तो निघायला लागला की भिंतीतून चट, चट, सूं असा बारीक आवाज येतो. आवाज धिमा असला तर काम चालू ठेवायचं. घाईला आला तर हातातलं तिथंच टाकून पळायचं, कारण मग भिंतच अंगावर येते आणि तिच्यामागून गॅस. आमच्याकडे पूर्वी असं झालेलं आहे. त्या माणसांच्या बायका अजून आमच्याच गल्लीत राहतात, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

तर रीत अशी होती. पाळी सुरू होण्याआधी यंत्रं बंद, सगळे गप्प. सासरे हेल्मेट काढायचे, डोळे मिटायचे आणि भिंतीला गाल लावून उभे राहायचे. मग एकच शब्द. ‘बोलतोय’, नाहीतर ‘मुका’. मुका म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. नवीन कामगार मात्र तोंड फिरवून हसायचे, कारण म्हातारा भिंतीला गाल लावतो काय आणि वर ‘मुका’ म्हणतो काय!

सासूबाईंना हा विनोद आयुष्यभर पुरला. सासरे एक गाल काळा करून घरी आले की त्या दारातच विचारायच्या, “काय म्हणते माझी सवत? बोलली, की नुसताच मुका?” आणि लग्नाला इतकी वर्षं झालेला तो माणूस लाजायचा. “पोरीसमोर काय हे,” असं पुटपुटत न्हाणीघराकडे पळायचा. हे मी रोज पाहिलंय. कारण मी त्याच घरात राहतो. घरजावई. हसून घ्या, सवय आहे मला. खाणीच्या लॅम्परूममध्ये मी कामाला, म्हणजे खाली उतरणाऱ्याला दिवा आणि गॅस मोजायचं यंत्र द्यायचं आणि वर आला की परत घ्यायचं. तिथंही माझी चेष्टा करायला माणसं रांगेत उभी असतात.

ती ‘पोर’ म्हणजे माझी बायको. तिच्या नाकावर राग आणि जिभेवर आकडा. बाजारात वजन काट्यावर पाहिल्याशिवाय पिशवी उघडणार नाही. मापात जरा इकडे-तिकडे केलेलं तिला खपत नाही. मला ताप आला तर मी “जरा जास्तच आहे” म्हणतो, ती थर्मामीटर दाखवून मला खोटं पाडते. अशी बाई शिकून आली आणि त्याच खाणीत गॅस काढण्याच्या कामाची मुख्य झाली.

तिचं म्हणणं सरळ होतं. कोळसा बोलायची वाट का बघायची? तासण्याआधीच त्याच्यातला गॅस ओढून घ्या. मग थरात लांबच लांब भोकं पाडायची, त्यांत नळ्या बसवायच्या, तोंडं घट्ट बुजवायची आणि वर पंप लावून महिनोन् महिने गॅस खेचत राहायचं. जिथं कोळसा फार घट्ट बसलेला, तिथं भोकातून जोरदार पाणी सोडून आत चिरा पाडायच्या. गॅस निघून गेला की कोळसा आकसतो. आकसला की त्याच्या बारीक फटी रुंदावतात आणि उरलेलाही गॅस वाट धरतो. असं होता होता थराचा स्वभावच बदलतो. तो सुकतो, कडक होतो, अंगावर यायची त्याची खोड जाते. धूळ मात्र फार उडते. ती बसवायला मग पाणी मारावं लागतं. फुकट काहीच मिळत नाही.

एकदा तिनं दोन ढेकळं जेवायच्या टेबलावर आणून ठेवली. सासूबाई ओरडल्या, “अगं, ताटं मांडलीत!” तिनं पहिलं ढेकूळ बोटांनी दाबलं, त्याचा भुगा झाला. हे गॅस काढण्याआधीचं. दुसरं मला दिलं. मी जोर लावला, दात-ओठ खाल्ले, टवकाही उडाला नाही. सासऱ्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, फिरवून पाहिलं, आणि सवयीनं कानाशी नेलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “अगदीच मुका.”

“मग बरंच झालं,” सासूबाई हसून म्हणाल्या. “आता यांना खाली जायला नको. सुटले एकदाचे सवतीच्या तावडीतून.”

सासरे हसले नाहीत. ढेकूळ हळूच टेबलावर ठेवून जेवायला लागले. पुढं जे झालं त्याचं मूळ सासूबाईंच्या ह्या एका वाक्यात आहे असं आमच्या घरानं ठरवून टाकलं. किती सहज ठरवलं, ह्याचीच आता चीड येते.

ते खाली जायचे थांबले नाहीत. भोकं पाडणाऱ्या यंत्रापाशी त्यांना नेमलं. भोक पाडताना कोळसा कसा वागतो ते ऐकायला जाणता माणूस हवाच होता. यंत्राचा आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. बाकीच्यांनी कानात बोळे घातले. ह्यांनी घातले नाहीत. “बोळे घातल्यावर ऐकू काय, कपाळ?” असं म्हणून त्यांनी ते खिशात टाकले. बोळे द्यायचं काम माझं होतं. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग हात टेकले. मोठ्या माणसाला आणि त्यातून सासऱ्याला किती सांगणार!

थर गप्प होत गेला. गॅसचे आकडे खाली आले, खाणीत पेढे न वाटता पेढे वाटल्यासारखं वातावरण झालं. माणसं माझ्या बायकोला वाट देऊ लागली. रोज सकाळी तासायच्या भिंतीशी रीत मात्र चालूच राहिली, आणि सासरे रोज म्हणू लागले, “मुका.” कधीतरी ‘बोलतोय’ म्हणायचे तेही बंद झालं. बायकोला त्याचा अभिमान होता. तिच्या नळ्या सांगत होत्या तेच बाबांचा कान सांगत होता. तिला दोन साक्षीदार मिळाले होते.

घरात मात्र सासरे मूग गिळून बसायला लागले. आधी वाटलं थकलेत. मग लक्षात आलं की ते माझ्याशी बोलतात. मी “बाबा, चहा?” म्हटलं की “अर्धा” असं उत्तर यायचं. पोरीनं काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही. सासूबाईंनी विचारलं तर नुसती मान हलायची. दारातली थट्टाही एकदा-दोनदा करून पाहिली त्यांनी. “काय म्हणते सवत?” सासरे तसेच चपला काढून आत गेले. मग सासूबाईंनी विचारणं सोडून दिलं.

“माझा राग आलाय त्यांना,” बायको म्हणायची. “मी त्यांचं काम काढून घेतलं ना. परक्याच्या पोराशी बोलतात, पोटच्या पोरीशी नाही. असू दे. मीही त्यांचीच मुलगी आहे.” आणि तीही बोलेनाशी झाली. जेवायच्या टेबलावर चार माणसं, बोलणारा मी एकटा. मला, सांगायला लाज वाटते, थोडं बरंही वाटायचं. त्या घरात पहिल्यांदाच मी कुणाचा तरी लाडका होतो.

सासूबाई आजारी पडल्या त्या तशा शांततेतच. आजार लांबला. त्यांचा आवाज मुळातच नाजूक, तो आणखी बारीक झाला. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही खोलीत होतो. सासरे पलंगाशी खुर्चीत, त्यांचा हात हातात धरून. ऊन पायथ्याशी आलं होतं म्हणून मी पडदा ओढत होतो. सासूबाईंनी डोळे उघडले, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

“अहो, अजून रागावलेलेच आहात का माझ्यावर?”

मी पडद्यापाशी स्पष्ट ऐकलं. बायकोनं ऐकलं. आम्ही दोघंही सासऱ्यांकडे बघत राहिलो. त्यांनी हात थोपटला, प्रेमानं पाहिलं, आणि मान हलवली. हो.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळच्या आत गेल्या.

माझ्या बायकोनं त्या मानेला क्षमा केली नाही. बापाला वेळेवर ताट वाढायची, कपडे धुऊन-घडी करून ठेवायची, औषधं द्यायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. “मरणाऱ्या बाईशी तरी खोटं बोलायचं होतं,” एवढंच एकदा मला म्हणाली. मलाही त्या माणसाचा रागच आला होता. सासरे सासूबाईंच्या रिकाम्या पलंगावर बसून खिडकीबाहेर बघायचे, आणि मी त्यांना चहा द्यायचो तो कप जरा आपटूनच.

खरं काय ते आम्हाला भिंतीनं सांगितलं.

त्या दिवशी नव्या तोंडावर, म्हणजे कोळशाच्या नव्या भिंतीवर, तासकाम सुरू व्हायचं होतं. तिथल्या एका भोकातून गॅस यायचा थांबला होता. नळीवरचा काटा शून्याला टेकला होता. गॅस संपला म्हणजे कोळसा सुकला, असा त्याचा अर्थ. पण बायकोच्या मनात पाल चुकचुकली. शेजारची भोकं अजून थोडी थोडी वाहत होती, मग हेच एवढ्या लवकर कोरडं कसं? ती स्वतः खाली उतरली. गॅस मोजायचं यंत्र नवीन आलं होतं, ते दाखवायला मलाही नेलं. मुकादम आणि त्याची माणसं उभी होती. यंत्रं बंद झाली. सगळे गप्प झाले. सासऱ्यांनी हेल्मेट काढलं, डोळे मिटले आणि भिंतीला गाल लावला.

मला आवाज आला. आधी वाटलं कुणीतरी मागं खडे टाकतंय. मग नीट ऐकलं. चट. चट चट. तापल्या तेलात पाण्याचा हात झटकावा तसा. माझ्यासारख्या लॅम्परूममधल्या माणसाला, भिंतीपासून चार हात लांब उभं राहून, ऐकू येत होता. मी मुकादमाकडे पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं, पण तो सासऱ्यांकडे बघत होता. कानानं सांगितल्याशिवाय हलायचं नाही, ही आयुष्यभराची सवय. ते काहीतरी आणखी खोलातलं ऐकत असतील, असंच सगळ्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

सासऱ्यांनी डोळे उघडले. चेहरा अगदी शांत.

“मुका,” ते म्हणाले. “चला, लागा कामाला.”

आणि पुन्हा गाल भिंतीला लावला, बहुधा नुसत्या मायेनं.

“बाबा!” बायको ओरडली. केवढ्यानं ओरडली ते सांगता येत नाही. त्या बोळात तिचा आवाज घुमला, मुकादम दचकला, माझ्या हातातलं यंत्र सुटायला आलं. सासरे जागचे हललेही नाहीत. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

ती तशीच उभी राहिली. पळायचं सोडून बापाच्या पाठीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते परत कधी पाहायला नको. मग पुढं धावली, त्यांचं बखोट धरलं आणि ओढत मागं आणलं. आम्ही सगळे पळालो. वळणापलीकडे पोचतो न पोचतो तोच मागून धक्का आला, वारा आला आणि काळा धुरळा. धुरळा खाली बसला तेव्हा तो बोळ कोळशाच्या भुग्यानं निम्मा भरलेला दिसला. माणूस कुणी गेला नाही. तासायचं यंत्र मात्र आत गाडलं गेलं.

नंतर उकरल्यावर कळलं, ते भोक कोरडं पडलंच नव्हतं. तिथला कोळसा मऊ होता, भोक आतल्या आत ढासळून बुजलं होतं. गॅस होता तिथंच होता, नुसती वाट बंद झाली होती. बायकोनं त्यानंतर प्रत्येक गप्प भोक पुन्हा सळई घालून तपासायचा नियम केला. नियम चांगला आहे. तो घरात आधी लागू केला असता तर.

वर आल्यावर सासरे चिडले होते. “चारचौघांत बखोट धरून ओढतेस? बापाला?” बायको त्यांच्या समोर उभी राहिली आणि ओठ न हलवता, दात आवळून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं. “बाबा, मी काय म्हणतेय?” ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वाट बघितली. मग मान हलवली. हो.

ती मटकन खाली बसली आणि सगळ्यांदेखत रडली.

कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर रेघ काढून दाखवलं. मोठ्या आवाजाजवळ वर्षं काढली की आधी बारीक, उंच आवाज जातात. बायकांचे, पाखरांचे, चट चट आणि सूं. जाड आवाज त्यामानानं राहतात. माझा आवाज भसाडा, म्हणून मी ऐकू यायचो. लाडका वगैरे काही नव्हतो. डॉक्टरांनी विचारलं, दर वर्षी खाणीत तपासणी होते ना? होते. पण ज्याचं नावच कान, त्याचा कान कोण तपासणार! कंपाउंडर त्यांना बसवून घ्यायचा आणि कोळसा कसा बोलतो त्याच्या गोष्टी ऐकायचा.

आणि सासऱ्यांना स्वतःला? त्यांना वाटलं होतं की थर मुका झाला. तो झालाही होता, बऱ्याच ठिकाणी. पोरीनं तसं आधीच सांगितलं होतं, मग शंका का यावी? पाठोपाठ घरही मुकं झालं. “मला वाटलं,” ते डॉक्टरांसमोर म्हणाले, “आता मी नकोसा झालो. थराला नको, तसा घरालाही नको. म्हटलं, आपण होऊन कशाला विचारा?” माझी बायको हे ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

कानात घालायचं यंत्र आलं त्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघरात बसले. नळ ठिबकत होता. चहाची किटली कुरकुरत होती. ते प्रत्येक आवाजाकडे मान वळवून बघत होते.

“घर केवढं बोलतं गं,” ते म्हणाले.

बायको ओट्याशी कप विसळत होती. ते बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. ते काय विचारणार हे मला आधीच कळलं होतं आणि त्यांनी ते विचारू नये म्हणून मी मनात हात जोडले होते.

“तुझी आई शेवटी काहीतरी म्हणाली होती. मला ओठ हललेले दिसले. मी आपली मान हलवली, तिला बरं वाटावं म्हणून. काय म्हणाली होती?”

बायकोच्या हातातला कप थांबला. आजवर वजनात, तापात, नळीवरच्या काट्यात जिनं केसभर इकडचं तिकडं केलं नाही, ती बाई.

“जेवलात का, म्हणाली,” तिनं मागं न वळता सांगितलं. “अहो, जेवलात का, असं.”

सासरे ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

“जेवलो नव्हतो मी त्या दिवशी,” ते म्हणाले. “बघ. शेवटी खोटंच बोललो तिच्याशी.”

बायको वळली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि यंत्र येईपर्यंतच्या दिवसांत लागलेल्या नव्या सवयीनं मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “एवढं खोटं चालतं, बाबा!”

“ओरडतेस कशाला?” ते म्हणाले. “ऐकू येतं आता मला.”